भिंतीतली ओल : कोलेस्टेरॉलच्या अभ्यासाची प्रस्तावना

"डॉक्टर, नळीत चरबी साचलीय म्हणतात," असं म्हणत रुग्ण समोर बसतो आणि अँजिओग्राफीची फाइल पुढे सरकवतो. तालुक्याच्या गावात दवाखाना चालवताना गेली बावीस वर्षं हे वाक्य मी ऐकत आलो आहे. सुरुवातीला मी स्वतःही तसंच बोलत असे. समजायला ते सोपं आहे: मोरीच्या पाइपात खरकटं अडकलं की पाणी तुंबतं, तसंच हे. पण त्या वाक्यात एक चूक आहे, आणि हे पुस्तक लिहायला घेतलं ते मुख्यतः त्या चुकीपायी.

चरबी नळीच्या पोकळीत साचत नाही, ती नळीच्या भिंतीत मुरते. कोकणातल्या माणसाला हे चटकन कळेल. पश्चिमेच्या भिंतीत पावसाचं पाणी शिरू लागतं तेव्हा बाहेरून काहीच दिसत नाही. रंग तसाच, गिलावा तसाच. हात लावला तर जेमतेम गार लागतं. असे चार-सहा पावसाळे जातात. मग एखाद्या रात्री पोपडा सुटून खाली पडतो आणि घरातले म्हणतात, काल तर भिंत धड होती. हृदयाच्या रक्तवाहिनीचं असंच होतं. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे एलडीएलचे सूक्ष्म कण आतल्या अस्तरातून भिंतीत शिरतात, त्यातले काही तिथेच अडकतात आणि खराब होतात. त्यांना गिळायला पांढऱ्या पेशी येतात आणि गिळता गिळता फेसासारख्या फुगतात. भिंत जाड होत जाते, पण शरीर सहजासहजी रस्ता अडू देत नाही. शिकागोचे सेमूर ग्लॅगॉव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवून दिलं, की थराने आतली साधारण ४० टक्के जागा व्यापेपर्यंत रक्तवाहिनी बाहेरच्या अंगाला फुगत राहते आणि रक्ताची वाट जवळपास तेवढीच मोकळी ठेवते. तोवर माणूस जिने चढतो, शेतात राबतो, ट्रेडमिलची चाचणी नॉर्मल येते. आणि एक दिवस थरावरचं पातळ आवरण फाटतं, त्या जागी रक्ताची गुठळी धरते आणि काही मिनिटांत वाहिनी बंद होते. "गेल्याच महिन्यात सगळ्या तपासण्या केल्या होत्या हो," असं घरचे सांगतात ते अगदी खरं असतं.

नळी तुंबली असं मानलं, की उपायही तुंबल्यानंतरचेच सुचतात: फुगा, स्टेंट, बायपास. ओल म्हटली की पहिला प्रश्न मनात येतो, पाणी किती वर्षं झिरपतंय? या विषयात शिरणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न सुरुवातीलाच खिशात टाकावा, मग तो वैद्यकाचा विद्यार्थी असो, फॅमिली डॉक्टर असो किंवा आयुष्यातला पहिला लिपिड प्रोफाइल हातात धरून बसलेला बँकेतला कारकून असो. एकट्या आकड्याला इथे फारसा अर्थ नसतो. आकडा वर्षांनी गुणायचा असतो. १९५३ मध्ये कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या शवविच्छेदनाचा अहवाल छापून आला. सैनिकांचं सरासरी वय २२. त्यांच्यातल्या तीनचतुर्थांशांहून अधिक जणांच्या हृदयाच्या वाहिन्यांत या रोगाच्या खुणा होत्या. पन्नाशीत ज्याला आपण अचानक आलेला झटका म्हणतो, त्याची ओल विशीतच लागलेली असते.

या ज्ञानाचा प्रवासही तितकाच संथ झाला आहे, आणि तो मला फार आवडतो. कोलेस्टेरॉल पहिल्यांदा सापडलं ते रक्तात किंवा हृदयात नव्हे, तर पित्ताशयातल्या खड्यांत, अठराव्या शतकातल्या फ्रान्समध्ये. पुढे मिशेल शेवरल या रसायनशास्त्रज्ञाने त्याला नाव दिलं, ग्रीकमधले पित्त आणि घन हे दोन शब्द जोडून. (आपल्याकडे 'पित्त झालंय' म्हणतात ते आम्लपित्त, त्याचा याच्याशी संबंध नाही.) बराच काळ हा पदार्थ नुसतं कुतूहल म्हणून राहिला. तो विष नाही, हे इथेच सांगून टाकतो. पेशीचं प्रत्येक आवरण त्याच्या आधाराने उभं असतं. स्त्रीत्वाची आणि पुरुषत्वाची संप्रेरकं, ड जीवनसत्त्व, अन्नातली चरबी पचवणारे पित्तक्षार हे सगळं त्याच्यापासून बनतं. शरीरातल्या एकूण कोलेस्टेरॉलचा जवळपास पाव हिस्सा मेंदूत असतो. आपण ते ताटातून जितकं घेतो त्याहून कितीतरी जास्त आपलं शरीर स्वतः बनवतं.

१९१० मध्ये जर्मनीत अॅडॉल्फ विंडाउस यांना रोगट महाधमनीच्या थरात कोलेस्टेरॉल निरोगी भिंतीपेक्षा अनेक पटींनी जास्त आढळलं. तीन वर्षांनी सेंट पीटर्सबर्गमध्ये निकोलाय अनिच्कोव्ह या तरुण डॉक्टरने सशांना सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेलं शुद्ध कोलेस्टेरॉल खाऊ घातलं. त्या सशांच्या धमन्यांत माणसासारखेच थर उमटले. ज्यांना नुसतं तेल दिलं त्यांना काही झालं नाही. इतका स्वच्छ प्रयोग, तरी जगाने तो बाजूला ठेवला. इतरांनी उंदरांवर आणि कुत्र्यांवर करून पाहिला तेव्हा काहीच घडलं नाही, कारण त्या प्राण्यांची शरीरं जादा कोलेस्टेरॉलची वासलात वेगळ्या तऱ्हेने लावतात. वय झालं की धमन्या कडक व्हायच्याच, असं त्या काळच्या वैद्यकाचं ठाम मत होतं. अनिच्कोव्हचं म्हणणं माणसांच्या बाबतीत औषधाने निर्विवाद सिद्ध व्हायला १९९४ साल उजाडावं लागलं. स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ हृदयरुग्णांना साधारण साडेपाच वर्षं एकतर कोलेस्टेरॉल उतरवणारं सिमव्हास्टॅटिन दिलं, नाहीतर तशीच दिसणारी रिकामी गोळी. औषध घेणाऱ्यांतले मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. सशांपासून इथवर ८१ वर्षं लागली. मधल्या काळात अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावाने १९४८ पासून आपल्या ५,२०९ रहिवाशांची पिढी संशोधकांच्या हवाली केली नसती, तर 'रिस्क फॅक्टर' हा आज सगळ्यांच्या तोंडी असलेला शब्दही इतका रुळला नसता.

या सगळ्या इतिहासात मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो ती गोष्ट अकिरा एंदो यांची. जपानच्या अकिता प्रांतातल्या शेतकऱ्याच्या घरात जन्मलेला हा माणूस लहानपणापासून बुरश्या आणि अळंब्यांच्या नादी लागलेला. टोकियोच्या एका औषध कंपनीत काम करताना त्यांनी एक तर्क धरला: बुरशीला आपल्याभोवतीच्या जंतूंशी झगडावं लागतं, तर त्या जंतूंचं कोलेस्टेरॉलसारखं काही बनणं अडवणारं द्रव्य एखादी बुरशी तयार करत असेल. १९७१ पासून दोन वर्षं त्यांनी सुमारे ६,००० बुरश्या तपासल्या. शेवटी जी लागू पडली ती क्योतोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावर वाढलेली निळसर-हिरवी बुरशी होती, पेनिसिलियम सिट्रिनम. पावसाळ्यात आपल्या डब्यातल्या तांदळावर धरते त्याच जातकुळीतली. गंमत पुढेच आहे. उंदरांवर तिचा काहीच परिणाम झाला नाही आणि काम बंद पडायची वेळ आली. मग एंदोंनी ते द्रव्य अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना देऊन पाहिलं. अंड्यासाठी कोंबडीला कोलेस्टेरॉल भरपूर बनवावं लागतं, तेव्हा तिथे तरी फरक दिसावा. तो दिसला, झपाट्याने दिसला. आज जगात कोट्यवधी माणसं रात्री जेवणानंतर जी स्टॅटिनची गोळी घेतात, तिचं मूळ त्या तांदळात आहे.

स्टॅटिन नेमकं करतं काय, हे कळलं की रुग्णाची अर्धी भीती जाते असा माझा अनुभव आहे. म्हणून त्याला पुस्तकात एक अख्खं प्रकरण दिलं आहे. यकृताच्या पेशींवर एलडीएलचे कण रक्तातून ओढून घेणारे रिसेप्टर असतात. अंगणात पाणी खेचून घेणारी मोरीची तोंडं असावीत तसे. टेक्सासमधल्या डॅलसच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टाइन यांनी ते शोधले आणि त्यासाठी १९८५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. स्टॅटिनमुळे यकृताचा आपला घरचा कारखाना मंदावतो. तुटवडा पडला की यकृत रक्तातून माल उचलण्यासाठी जास्त रिसेप्टर बाहेर काढतं आणि रक्तातलं एलडीएल घटतं. म्हणजे गोळी रक्त 'पातळ' करत नाही आणि साचलेली चरबी 'विरघळवत'ही नाही. झिरपणाऱ्या पाण्याचा जोर ती कमी करते. आणि म्हणूनच, "रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी थांबवली" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. ती थांबली की महिन्या-दीड महिन्यात आकडा मूळ जागी येतो, आणि भिंतीत पुन्हा झिरपणं सुरू.

वर्षांनी गुणायचं म्हणालो, त्याचा सगळ्यात सबळ पुरावा २००६ मध्ये आला. यकृतावरचे रिसेप्टर मोडीत काढणारं पीसीएसके९ नावाचं एक प्रथिन असतं. काही माणसांत जन्मतःच त्याचा जनुक बिघडलेला असतो, म्हणून त्यांचे रिसेप्टर टिकतात आणि एलडीएल आयुष्यभर कमी राहतं. अमेरिकेत मध्यमवयीन कृष्णवर्णीय स्त्री-पुरुषांचा १५ वर्षं माग ठेवला तेव्हा असं दिसलं, की ज्यांच्यात हा बिघाड होता त्यांचं एलडीएल इतरांपेक्षा सरासरी २८ टक्के कमी होतं आणि हृदयविकाराचा धोका मात्र ८८ टक्के कमी होता. त्यातल्या अनेकांना रक्तदाब होता, काही सिगारेट ओढत, काहींना मधुमेह होता. एवढंच एलडीएल पन्नाशीनंतर गोळीने पाच वर्षं कमी ठेवलं तर फायदा पाव हिश्शाच्या आसपास मिळतो. घट तेवढीच; फरक आहे तो वर्षांचा. पहिल्यांदा हा शोधनिबंध वाचला तेव्हा मी कितीतरी वेळ तसाच बसून राहिलो होतो.

आता आपल्याकडे येऊ. २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. आपण दिसतो बारीक आणि असतो आतून जाड, हे त्या एका फोटोने जगाला समजावलं. त्याच वर्षी आलेल्या इंटरहार्ट या ५२ देशांच्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतो असं दिसलं. आपल्या रिपोर्टची ठेवणही वेगळी असते: एकूण कोलेस्टेरॉल फार नाही, पण ट्रायग्लिसराइड चढलेलं आणि एचडीएल उतरलेलं.

आपला रिपोर्ट समोर घेऊन बसलात तर हे जास्त नीट कळेल. समजा एकूण कोलेस्टेरॉल २१२, ट्रायग्लिसराइड १८०, एचडीएल ३८, एलडीएल १३८. बहुतेक प्रयोगशाळा यातलं एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात. ट्रायग्लिसराइडला पाचने भागायचं, ३६ आले. ते आणि एचडीएल एकूणातून वजा करायचे, उरले १३८. १९७२ मधलं फ्रीडवाल्ड यांचं हे सूत्र. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते निरुपयोगी होतं, आणि त्याआधीही जसजसं ते चढतं तसतसं एलडीएल खरं आहे त्याहून कमी दाखवतं. म्हणून आणखी एक वजाबाकी करून ठेवा: २१२ उणे ३८, म्हणजे १७४. हे नॉन-एचडीएल. भिंतीत शिरू शकणारे सगळे कण यात आले. रिपोर्टवर तो आकडा बहुधा खालच्या बाजूला, बारीक अक्षरांत असतो. आपल्या माणसांसाठी तो वरच्या ओळीत छापायला हवा असं माझं ठाम मत आहे. 'नॉर्मल रेंज'चा रकाना मात्र सगळ्यांना सारखा लावू नका. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या मार्गदर्शनाप्रमाणे कमी धोका असलेल्या माणसाचं एलडीएल १०० च्या खाली हवं, मधुमेहासारखा जास्त धोका असेल तर ७० च्या खाली, आणि झटका येऊन गेला असेल तर ५५ च्या खाली. म्हणजे तेच १३८ एकासाठी चालायला लागण्याची सूचना आणि दुसऱ्यासाठी धोक्याची घंटा. पहिली तपासणी अठराव्या वर्षी करावी, असंही तेच मार्गदर्शन सांगतं.

स्वयंपाकघराबद्दल या पुस्तकात तुलनेने कमी लिहिलं आहे, याचं काही वाचकांना वाईट वाटेल. अंड्याचा बलक टाकून दिला की कोलेस्टेरॉलचा प्रश्न सुटला, या समजुतीने गेली चाळीस वर्षं अनेकांची समजूत काढली आहे. अन्नातलं कोलेस्टेरॉल बहुतेकांच्या रक्तातला आकडा थोडाच हलवतं. जास्त हलवतात ते संपृक्त चरबी आणि ट्रान्स फॅट. तेलाच्या पिशवीवर 'कोलेस्टेरॉल ० टक्के' असं लिहिलेलं असतं. खरंच असतं, कारण कोणत्याही वनस्पतीच्या तेलात ते नसतंच, पामतेलातही नाही. पण पामतेलातली जवळपास निम्मी चरबी संपृक्त असते, आणि बेकरीतल्या खारीत किंवा फरसाणात बहुधा तेच असतं. वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटवर सरकारने जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा घातली, हे चांगलं झालं. वरणभातावरच्या चमचाभर तुपाविषयी मी रुग्णाशी भांडत नाही. मी विचारतो, "ताई, महिन्याला तेल किती लागतं?" चौघांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल तर माणशी रोज चाळीस मिलिलिटर होतं. ते निम्म्यावर आणायचं म्हटलं की घरात खरी चर्चा सुरू होते: फोडणी किती, तळण कितीदा, शेंगदाण्याचं की करडईचं.

गोळीच्या त्रासाबद्दलही एक प्रकरण आहे. पाय दुखतात म्हणून गोळी सोडणारे पुष्कळ असतात, आणि त्यांचं दुखणं खरं असतं. लंडनमध्ये अशाच ६० जणांना वर्षभर आलटून पालटून स्टॅटिन, रिकामी गोळी आणि काहीच नाही, असे महिने दिले. रिकाम्या गोळीच्या महिन्यातही जवळपास तितकंच दुखलं. २०२० मध्ये हा निकाल छापून आल्यावर मी रुग्णांना खोटं पाडायला तो वापरला नाही. त्यांच्याशी बसून बोलायला वापरला. मोजक्यांना खरोखर स्नायूंचा त्रास होतो, मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांची साखर थोडी वाढू शकते, आणि या दोन्ही गोष्टी आधीच सांगाव्यात. एक उपयोगाचा हिशेब: स्टॅटिनचा डोस दुप्पट केला तर एलडीएल आणखी फक्त सहा टक्क्यांच्या आसपास उतरतं. म्हणून डोस वाढवत बसण्यापेक्षा दुसरं औषध जोडणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं.

या शास्त्राची सगळी दारं अजून उघडलेली नाहीत. एचडीएलला आपण 'चांगलं' म्हणतो, पण ते वाढवणारी औषधं एकामागून एक निष्फळ ठरली. नॉर्वेच्या कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये शोधलेलं, एलडीएलच्याच जातीचं लायपोप्रोटीन-ए आईवडिलांकडून येतं आणि आहार-व्यायामाला फारशी दाद देत नाही. ते आयुष्यात एकदा तरी तपासावं. नव्या अभ्यासकांना इथे खूप काम आहे.

शेवटी एक ऋण. दवाखाना सुरू करून तीन-चार वर्षं झाली असतील. एक्केचाळीस वर्षांचे, सडपातळ, सायकलवरून शाळेत जाणारे एक गुरुजी सर्दीसाठी आले होते. जाता जाता म्हणाले, "वडील पंचेचाळिसाव्या वर्षी गेले हो. माझं कोलेस्टेरॉल बघायचं का?" मी म्हणालो, "गुरुजी, तुमच्या अंगावर मांस तरी आहे का?" आणि त्यांना तसंच परत पाठवलं. अडीच वर्षांनी त्यांना झटका आला. ते वाचले. रुग्णालयात त्यांच्या उशाशी असताना रिपोर्ट पाहिला, एलडीएल २४८. मग त्यांची टाच हातात धरली. टाचेच्या वरची जाड शीर, म्हणजे कंडरा, चिमटीत घेतली की निरोगी माणसात ती कापडाच्या दुमडीसारखी सरळ लागते. गुरुजींची शीर बोटाएवढी जाड आणि गाठाळ होती. कोलेस्टेरॉल तिथे वर्षानुवर्षं बसत आलं होतं. हा घराण्यात उतरणारा प्रकार साधारण अडीचशे माणसांत एकाला असतो आणि प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. मला अडीच वर्षांपूर्वी फक्त टाच बघायची होती.

त्यांच्या मुलाचं एलडीएल ठीक निघालं. सतरा वर्षांच्या मुलीचं २०६ निघालं. पुढल्याच वर्षी तिची गोळी सुरू केली. आज ती तेहेतीस वर्षांची आहे, आणि तिच्या सोळा वर्षांच्या रिपोर्टांचा तक्ता तिच्या परवानगीने, नाव वगळून, सहाव्या प्रकरणात छापला आहे. तो वाचताना तारखांचा रकाना आधी पाहा. मधे दोन ठिकाणी आकडे वर गेलेले दिसतील. ती तिची दोन बाळंतपणं आहेत. पोटात बाळ असताना आणि अंगावर पाजत असताना आम्ही गोळी बंद ठेवली होती.